मारामारी करणाऱ्याचं नाव

ऑक्टोबर २०२४ मध्ये मिथुन चक्रवर्तींना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तेव्हा साखरखेर्ड्याच्या बसस्टँडवर माझ्या जुन्या दोस्तानं मला चहा पाजला. पुरस्कार जणू आम्हालाच मिळाला होता. चाळीसेक वर्षांपूर्वी गावात टुरिंग टॉकीजचा तंबू यायचा, तेव्हा मी बायांकडच्या दारावर तिकिटं फाडायचो आणि तो भोंगा घेऊन गल्लोगल्ली फिरायचा. पिक्चर 'सुरक्षा' असो की 'बॉक्सर', त्याचं पालुपद एकच : "भरपूर मारामारी!" गाण्यात रीळ तुटलं तर पब्लिक बिडी ओढायला बाहेर जायचं, मारामारीत तुटलं तर तंबूच्या दोऱ्या सोडायला उठायचं.

पुरस्कारानंतर मी वाचलेल्या लेखांत मात्र हा मिथुन ओझरताच दिसला. मृणाल सेन यांचा 'मृगया' (१९७६), बुद्धदेव दासगुप्तांचा 'ताहादेर कथा' (१९९२), 'स्वामी विवेकानंद'मधले रामकृष्ण परमहंस, हे सगळं सविस्तर होतं. असायलाच हवं, त्यांचे तिन्ही राष्ट्रीय पुरस्कार याच कामांचे, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या बंगाली पोराची ताकद तिथं दिसते. पण आमचा तंबू चालला तो 'सुरक्षा'तल्या गनमास्टर जी-नाईनवर. पन्नाशी उलटल्यावर बंगालीत 'एमएलए फाटाकेष्टो' (२००६) गाजला, तोही हाणामारीवरच. ऊटीत झटपट उरकलेले त्यांचे बरेच पिक्चर टाकाऊ होते, हे मलाही कबूल आहे. पण पिक्चर टाकाऊ असला म्हणून उडी खोटी नसते आणि मोडलेलं हाडही खोटं नसतं.

हाच अन्याय आपण आपल्या माणसावर आधीच करून बसलोय. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या काळातले मारधाडीचे राजे. तलवारबाजीमुळे त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. 'आलम आरा'साठी त्यांनी शारदा कंपनी सोडली, तेव्हा करारावरून खटला झाला आणि त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर जीना. खटला जिंकला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये देशातला पहिला बोलपट लागला, त्याचे नायक मास्टर विठ्ठल. आणि आज त्यांच्याबद्दल काय सांगतात? त्यांना संवाद नीट जमत नव्हते. घोड्यावरून झेपावणाऱ्या माणसाची आपण आठवण ठेवली ती त्याच्या जिभेची!

मारामारीच्या कलेला मान मिळायला जगभर उशीरच झाला. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत साहसदृश्यांसाठी पहिला पुरस्कार २०१७ मध्ये दिला गेला. ऑस्करमध्ये तो २०२८ पासून मिळणार आहे. म्हणून माझं मागणं साधं आहे : राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांत साहसदृश्यांसाठी मास्टर विठ्ठल यांच्या नावानं पुरस्कार द्या. आणि तो हिरोला देऊ नका. हिरोच्या ऐवजी माडीवरून जो खाली पडतो, त्याला द्या.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? आमच्या गावाला विचारा. १७२४ मध्ये इथं निजाम आणि मुबारिझ खान यांच्यात खरीखुरी लढाई झाली. जिंकल्यावर निजामानं गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. लोक साखरखेर्डाच म्हणत राहिले, आणि तेच टिकलं. लोकांच्या तोंडी नाव असलं की सरकारी कागदाची गरज पडत नाही. मिथुनला ती कधीच नव्हती. त्याला आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण 'आलम आरा'ची एकही प्रिंट उरलेली नाही, आणि विठ्ठलांच्या उड्यांवर शिट्ट्या मारणारी पिढीही गेली. त्यांच्यासाठी आता कागदच हवा.