गोंगाटामागचा पियानो

घरातला तरुण मुलगा खोलीचे दार लावून कर्कश रॉक ऐकू लागला, की बाहेर बसलेल्या आजोबांच्या कपाळावर आठी पडतेच. ‘याला काय संगीत म्हणायचं?’ हा त्यांचा नेहमीचा सवाल. अमेरिकेतल्या ‘नाइन इंच नेल्स’ या बँडबाबत तर तो हमखास विचारला जाईल. यंत्रांची घरघर, गिटारींचा कडकडाट, मध्येच फुटणाऱ्या किंकाळ्या आणि निराशेने काळवंडलेले शब्द ही या बँडची ओळख. १९९४च्या वुडस्टॉक महोत्सवात तर ही मंडळी नखशिखान्त चिखलाने माखून रंगमंचावर उभी राहिली होती!

मात्र याच बँडची एक तबकडी आजोबांनाही कान द्यायला लावील. तिचे नाव ‘स्टिल’.

त्या काळात हा बँड म्हणजे मुख्यतः एकच माणूस होता, ट्रेंट रेझ्नर. पेन्सिल्वेनियातल्या मर्सर या छोट्या गावात तो वाढला. आईवडील विभक्त झाल्यावर आजी-आजोबांनी त्याला सांभाळले. लहानपणीच तो पियानो शिकला. पुढे १९८९पासून त्याचे अल्बम गाजू लागले, पण पियानोचे ते सूर गोंगाटाच्या थराखाली गेले. १९९७ साली आजी वारली. त्यानंतर १९९९ साली आलेला ‘द फ्रॅजाइल’ हा अल्बम त्याने तिलाच अर्पण केला. तो विक्रीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला खरा, पण हा माणूस आतून खचत चालला होता. दारू आणि अमली पदार्थांनी त्याला घेरले होते. २००० साली लंडनमध्ये कोकेन समजून त्याने हेरॉइन घेतले आणि तो मरता मरता वाचला. २००१मध्ये त्याने उपचार घेऊन व्यसन सोडले.

जानेवारी २००२मध्ये बँडच्या दौऱ्यातल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. त्याच्या विशेष आवृत्तीत आणखी एक तबकडी जोडलेली होती. तीच ही ‘स्टिल’. मुख्य अल्बमचा गाजावाजा झाला आणि ही जोडतबकडी बहुतेकांच्या नजरेतून निसटली.

तिच्यात नऊ रचना आहेत. चार जुनी गाणी, एक नवे गाणे आणि शब्दांविना वाजणाऱ्या चार धून. ‘द बिकमिंग’ हे मूळ गाणे म्हणजे यंत्रांचा आणि किंकाळ्यांचा नुसता कल्लोळ. इथे ते साध्या वाद्यांवर, संयमाने येते आणि गाण्यातली वेदना प्रथमच स्पष्ट ऐकू येते. एरवी आरडाओरडा करणारा गायक इथे शेजारी बसून मनातले सांगावे तसा गातो. इंग्रजीत ‘स्टिल’ म्हणजे निश्चल, शांत; आणि ‘अजूनही’सुद्धा. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाच्या तबकडीला दोन्ही अर्थ शोभतात.

योगायोग असा, की त्याच वर्षी सत्तरीतले गायक जॉनी कॅश यांनी रेझ्नरचे ‘हर्ट’ हे गाणे आपल्या थकल्या, खोल आवाजात गायले आणि जगभरच्या श्रोत्यांचे डोळे पाणावले. गोंगाट काढून टाकला, तरी गाणे उभे राहते, याचा हा दुसरा पुरावा.

रेझ्नरने गोंगाट कायमचा सोडला असे नाही. पण जोडतबकडीत डोकावलेली ही शांत वाटच त्याला पुढे दूरवर घेऊन गेली. अॅटिकस रॉस या सहकाऱ्यासह तो चित्रपटांना संगीत देऊ लागला. ‘द सोशल नेटवर्क’साठी २०११ साली त्यांना ऑस्कर मिळाले. २०२१मध्ये ‘सोल’ या बालगोपाळांच्या आवडत्या चित्रपटासाठी पुन्हा ऑस्कर! त्या चित्रपटाचा नायक कोण? एक पियानोवादक.

तेव्हा बंद दारामागे गोंगाट चालू असेल, तर आजोबांनी एकदा दार ठोठावून नातवाला विचारायला हरकत नाही, ‘यांचं एखादं शांत गाणं आहे का रे?’