स्मरणार्थ खोली आणि गांवची शाळा

मूळ गांवच्या शाळेस वडिलांच्या स्मरणार्थ एखादी खोली बांधून द्यावी, ही इच्छा आमच्या पांढरपेशा कुटुंबांत पूर्वापार चालत आलेली आहे, आणि ती स्तुत्यच आहे. नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्या खानदेशी घराण्यांनाहि जळगांव-धुळ्याकडील गांवाचें ऋण फेडण्याचा हाच मार्ग सुचतो. परंतु दात्यानें संगमरवरी पाटी कोरविण्यापूर्वीं आतां एक प्रश्न अवश्य विचारावा: या खोलींत बसावयास मुलें असणार आहेत काय?

प्रश्न अशुभ वाटेल, पण निराधार नाहीं. महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें अपत्यांचें प्रमाण १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत २.९ होतें, २०१९-२१ च्या पाहणींत तें १.७ वर आलें. आईबापांची जागा भरून निघण्यास सुमारें २.१ लागतात. वाचकांनीं आपल्याच घरच्या पंगतीकडे पाहावें. जेथें सहा-सात भावंडें बसत, तेथें आज एक किंवा दोन पाट मांडले जातात. शिवाय खानदेशांतील तरुण कुटुंबें सुरत, नाशिक, पुणें येथें पोटासाठीं जातात, आणि मागें राहिलेल्यांपैकीं कित्येकांचीं मुलें तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडींत बसतात.

सप्टेंबर २०२३ मध्यें राज्याच्या शिक्षणखात्यानें वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याविषयीं प्रस्ताव मागविले. अशा शाळा राज्यांत साडेचौदा हजारांहून अधिक भरल्या. नमुना म्हणून ज्या शाळा पुढें ठेवल्या, त्यांपैकीं एक तोरणमाळची; म्हणजे १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांतच असलेल्या नंदुरबार भागांतली. या योजनेंत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. बारा मुलांत खेळाचे दोन गडी-संघ पुरते होत नाहींत, आणि एका शिक्षकास दोन-तीन इयत्ता एकदम संभाळाव्या लागतात. पण शाळा लांब गेली कीं पावसाळ्यांत मध्यें नाला आडवा येतो, आणि अशा वेळीं घरीं प्रथम राहते ती मुलगी. पहिली ते पांचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत असावी, हा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें झालेला नियम याच भीतीपोटीं आहे.

येथें शितावरून भाताची परीक्षा चालत नाहीं. एकाच चोपडें तालुक्यांत तापीकांठचें गांव आणि सातपुड्यांतील पाडा यांचा हिशेब अगदीं निराळा निघूं शकेल. म्हणून जिल्ह्याची सरासरी बाजूस ठेवून प्रत्येक गांवचीं मुलें मोजावीं. तें कठीणहि नाहीं, कारण सहा वर्षांनीं पहिलींत बसणारें मूल आज जन्मास आलेलें असतें. मात्र जन्माची नोंद जेथें प्रसूति होते तेथें होते, आणि बाळंतपणें आतां बहुधा शहरांतील दवाखान्यांत होतात. तेव्हां ग्रामपंचायतीच्या पुस्तकांत नोंदी थोड्या दिसल्या, तरी गांव निःसंतान झालें असें नव्हे. खरी वही अंगणवाडीताईंची. सहा वर्षांखालील प्रत्येक बालक तींत नांवनिशीवार असतें.

त्या वहींत मुलें पुरेशीं दिसलीं तर खोली खुशाल बांधावी. पण ती पालटतां येईल अशी असावी. रस्त्याकडे तिला स्वतंत्र दार ठेवावें, मधली भिंत सरकतां येणारी करावी, खानदेशच्या उन्हाळ्यासाठीं छत उंच आणि पडवी रुंद असावी. पुढें पट घटला तर तेथें अंगणवाडी किंवा वाचनालय भरेल, कुलूप लागणार नाहीं. मुलें थोडींच दिसलीं तर त्याच पैशांतून गळकें छप्पर, पिण्याचें पाणी आणि मुलींचें स्वच्छतागृह दुरुस्त करून द्यावें. शाळा दूर गेलीच असेल, तर मुलांस नेण्या-आणण्याच्या गाडीचा खर्च उचलावा.

देश, काल आणि पात्र पाहून दिलेलें तें सात्त्विक दान, असें आपलें शास्त्र सांगतें. गाडीवर वडिलांचें नांव कोरतां येणार नाहीं, हें खरें. पण तिच्यामुळें एखादी मुलगी चौथीनंतरहि शिकत राहिली, तर त्या वडिलांचें स्मरण अधिक चांगलें झालें, असें आम्हांस वाटतें.