वजनकाटा प्रशिक्षकाच्या हाती नको

अमेरिकेची धावपटू मेरी केन २०१३ साली मॉस्कोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा ती अवघी १७ वर्षांची होती. पुढे ती नायकेच्या ‘ओरेगॉन प्रोजेक्ट’ या नामांकित गटात दाखल झाली. तिथे काय घडले, हे तिने २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून जाहीरपणे सांगितले. वजन ११४ पौंडांवर, म्हणजे सुमारे ५२ किलोवर आणण्याचा तगादा, इतर खेळाडूंसमोर काट्यावर उभे करणे, आकडा जास्त आला की पाणउतारा. परिणाम असा की तीन वर्षे पाळी आली नाही आणि पाच हाडे मोडली. प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार यांनी छळाचा आरोप फेटाळला. आपले काही शब्द असंवेदनशील असू शकतील, एवढे मात्र मान्य केले.

प्रश्न एका प्रशिक्षकाच्या स्वभावापुरता असता, तर तो तिथेच संपला असता. पण ‘दोन किलो कमी कर, वेळ सुधारेल’ हे वाक्य जगभरातल्या मैदानांवर रोज बोलले जाते. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. शिवाय वजन उतरल्यावर सुरुवातीचे काही आठवडे वेळ खरोखरच सुधारते, त्यामुळे सल्ला बरोबर होता असे दोघांनाही वाटते. नुकसान दिसायला काही महिने लागतात.

हे नुकसान कसे होते, हे साध्या हिशेबाने समजते. ५० किलो वजनाच्या मुलीच्या शरीरात चरबी वगळता सुमारे ४० किलो वजन असते. व्यायामाचा खर्च वजा केल्यावर या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण ४५ कॅलरी उरल्या, तर शरीराची रोजची कामे नीट चालतात. म्हणजे १८०० कॅलरी झाल्या. सरावात ६०० खर्च होत असतील, तर तिचा आहार २४०० कॅलरींचा हवा. ती १७०० वर भागवत असेल, तर उरतात ११००, म्हणजे किलोमागे साडेसत्तावीस. हा आकडा ३० च्या खाली गेला की शरीर काटकसर सुरू करते आणि पहिली कात्री प्रजननसंस्थेला लागते. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, पाळी लांबते, मग थांबते. इस्ट्रोजेन घटते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. नडगीत किंवा पावलात बारीक भेगा पडतात, त्यांनाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंत जमा होतो. त्या वयात पडलेला खड्डा पुढे पूर्ण भरून येईलच, याची खात्री नसते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिले. खेळातील ऊर्जेच्या तुटीमुळे होणारा हा विकार हृदय, प्रतिकारशक्ती आणि मनःस्थिती यांनाही सोडत नाही.

म्हणूनच ‘सराव कडक असला की पाळी जातेच’ हा मैदानावरचा समज सर्वांत घातक आहे. एकदा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर त्या मुलीला डॉक्टरांकडे न्यायला हवे. गर्भनिरोधक गोळ्या देऊन रक्तस्राव सुरू करणे हाही उपाय नव्हे. त्याने धोक्याची खूण झाकली जाते, ऊर्जेची तूट तशीच राहते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. पहाटे चहा-बिस्किटावर सराव, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि आठवड्याला एक उपवास, असा दिनक्रम असलेली मुलगी मुद्दाम कमी खात नसली तरी तुटीतच असते. अशा मुलीला कोणी ‘जाड दिसतेस’ म्हटले, तर ती आहे तेही ताट बाजूला सारते. पुढे चोरून उलट्या काढणे, जेवणाच्या वेळी गायब होणे, जास्तीचा व्यायाम करणे हे सुरू होते. हा मानसिक आजार आहे आणि त्याला मानसोपचारांची गरज असते. ‘नखरे’ म्हणून रागावून तो बरा होत नाही.

कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगमध्ये वजनगट असतात, कबड्डीतही वजनाची मर्यादा असते. तिथे वजन पाहावेच लागेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅम जास्त भरल्याने अंतिम लढतीआधी अपात्र ठरली, हे सर्वांनी पाहिले. पण कोणत्या गटात खेळणे शरीराला झेपेल, हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाने ठरवावे. वजन बंद खोलीत व्हावे आणि आकडा फलकावर लागू नये. संघनिवड करणाऱ्याच्याच हाती काटा असेल, तर मुलगी त्याला उपाशी असल्याचे किंवा पाळी चुकल्याचे कशी सांगणार? जागा जाण्याची भीती तिला गप्प बसवते.

प्रशिक्षकाला या कामातून वगळावे, असा याचा अर्थ नाही. मुलगी लवकर दमते, वारंवार आजारी पडते, डब्याला हात लावत नाही, हे आईवडिलांच्याही आधी त्याला दिसते. ते ओळखून तिला वेळेत दवाखान्यात पाठवणे, ही त्याची जबाबदारी आहे. राज्यातील क्रीडा प्रबोधिन्यांनी आणि खासगी अकादम्यांनी दर तीन महिन्यांच्या तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर पाळीची नोंदही ठेवावी आणि ती विचारणारी स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका असावी. यासाठी मोठा खर्च लागत नाही. पालकांनीही प्रवेश घेताना फी आणि पदकांसोबत एक चौकशी जरूर करावी : इथे मुलींचे वजन कोण करते, आणि ते कुणाकुणासमोर?