डोकेदुखीचीही नोंद हवी

आपल्या वस्तीत आरोग्य शिबिर भरले की बीपी आणि शुगर तपासतात, वजन करतात, डोळे बघतात. ‘महिन्यातून किती दिवस डोके दुखते?’ हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारले तर किती बाया हात वर करतील, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. कपाळाला बाम, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि मेडिकलमधून आणलेली गोळी, एवढ्यावर भागवून त्या कामाला निघतात. दवाखान्यात जात नाहीत, म्हणून त्यांचे दुखणे कुठल्याच कागदावर येत नाही.

हे दुखणे मोजायचे तर घरोघरी जावे लागते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या डॉक्टरांनी ते केले. शहरात आणि आसपासच्या खेड्यांत १८ ते ६५ वयाच्या २,३२९ जणांची पाहणी झाली. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. वर्षभरात डोकेदुखी झालेले शंभरात ६४ निघाले. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, चौघांत एकाला होती. शंभरातले तिघे महिन्याचे १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोके धरून जगत होते. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त आढळली. तेव्हा हा एसी ऑफिसात बसणाऱ्यांचा आजार आहे, ही समजूत सोडलेली बरी.

नॉर्वेसारख्या श्रीमंत देशातही एका जिल्ह्यातील हजारो लोकांची अशीच पाहणी झाली. सुमारे ११ वर्षांच्या अंतराने तपासले तेव्हा, ज्यांचे शिक्षण कमी आणि काम खालच्या दर्जाचे मानले जाते, त्यांच्यात वारंवार डोके दुखण्याचे प्रमाण अधिक दिसले. म्हणजे डोकेदुखीचा संबंध माणूस कसा जगतो, काय काम करतो याच्याशीही आहे. म्हणूनच ‘हिचे रोजचेच आहे’ म्हणून सुनेला किंवा बहिणीला गप्प बसवणे हा अन्याय आहे. अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे, कामाचा कंटाळा नव्हे. त्यावर औषध आहे आणि वारंवार होणारा त्रास कमी करणारे उपचारही आहेत.

गोळीबद्दल सावध राहिले पाहिजे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागते. मग पुन्हा गोळी, पुन्हा दुखणे. मिश्र औषधांच्या गोळ्यांनी तर महिन्याला १० दिवसांतच हे होऊ शकते. बंगळुरूच्या पाहणीत असे रुग्णही सापडले.

दुसरा गैरसमज बीपीचा. ‘डोके दुखत नाही, म्हणजे बीपी ठीक आहे’ असे समजून अनेक जण गोळ्या सोडतात. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. बीपी कळते ते मोजल्यावरच.

काही वेळा मात्र थांबायचेच नाही, थेट सरकारी रुग्णालय गाठायचे: अचानक, कधी नव्हे इतके जोरात डोके दुखले, सोबत ताप आणि मान ताठ झाली, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, डोक्याला मार लागल्यावर दुखणे वाढत गेले, गरोदरपणात डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली असेल, तर तीही डॉक्टरांना दाखवावी.

बाकीच्यांनी घरच्या कॅलेंडरवर डोके दुखलेल्या दिवशी खूण करावी आणि गोळी घेतली तर तेही लिहावे. महिनाभराचे ते पान डॉक्टरांसमोर ठेवले की अर्धे निदान तिथेच होते. आणि पुढचे शिबिर ठरवताना महिला मंडळांनी आग्रहच धरावा, की फॉर्मवर तीन प्रश्न वाढवा: महिन्यातून किती दिवस डोके दुखते, किती दिवस गोळी लागते, किती दिवस काम बुडते? वस्तीचे हे आकडे हाती असले, तर उपचार मागताना कोणी आपल्याला ‘बाम लावा’ म्हणून परत पाठवू शकणार नाही.