‘बाजारू’ म्हणण्यापूर्वी

एखाद्या कलाकृतीचा निकाल एका शब्दात लावायचा असला, की मराठी समीक्षा ‘बाजारू’ हे विशेषण हाताशी घेते. 1991च्या आर्थिक धोरणांनंतर त्याच्या जोडीला ‘बाजारीकरण’ आले आणि चर्चासत्रांचे काम आणखी सोपे झाले. हे शब्द आम्हीही वापरले आहेत. परंतु अहमदाबादच्या साबरमतीकाठी भरणाऱ्या गुजरी बाजाराची हकीकत पाहिल्यावर आमचे मत असे झाले आहे, की या शब्दांमागे एक जुना तुच्छताभाव दडला आहे आणि तो नेमका चुकीच्या माणसांवर कोसळतो.

परंपरा या बाजाराचा आरंभ शहराचा संस्थापक सुलतान अहमदशाह याच्या काळाशी, म्हणजे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धाशी जोडते. तेव्हा तो शुक्रवारी भरे. इंग्रजी अमदानीत रविवार ठरला. 1954मध्ये तो एलिस ब्रिजजवळ नदीकाठी आला. जुनी हत्यारे, खाटा, भांडी, यंत्रांचे सुटे भाग, शेळ्या-कोंबड्या, आणि ढिगांनी जुनी पुस्तके! विक्रेत्यांत मुसलमान आणि दलित कुटुंबांचा वाटा मोठा. सुतार येथे रंधा घेतो, नवा संसार मांडणारा मजूर खाट घेतो, विद्यार्थी पाठ्यपुस्तक घेतो. शहराने टाकाऊ ठरवलेल्या वस्तूला येथे दुसरे आयुष्य मिळते. किंमत छापलेली नसते. ती दोन माणसांच्या बोलण्यातून ठरते. हा बाजार म्हणजे स्वर्ग नव्हे. फसवणूक आणि भांडणे येथेही आहेत. पण ज्या चेहराहीन, सर्वव्यापी ‘बाजारा’विरुद्ध आपण निबंध लिहितो, त्याच्याशी याचे नावापलीकडे नाते काय?

नाते असलेच तर वैराचे आहे. साबरमती रिव्हरफ्रंटसाठी 1997मध्ये कंपनी स्थापन झाली. सुमारे 11 किलोमीटरच्या दोन्ही काठांवर भिंती उभ्या राहिल्या, नदीपात्रातून जमीन काढली गेली आणि शहरातल्या या पात्रात नर्मदेच्या कालव्याचे पाणी आले. या देखण्या आराखड्यात जुना बाजार होता तसा बसेना. विक्रेत्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली, वाटाघाटी झाल्या आणि 2014मध्ये नदीकाठीच फरसबंद जागेत नवा बाजार सुरू झाला.

‘मग तक्रार कसली? बाजार तर वाचला!’ असे कुणी म्हणेल. वाचला खरा, पण तो विक्रेत्यांनी वाचवला. आणि ओटे आखले, नोंदी झाल्या, की नोंदीबाहेरच्या माणसाचा प्रश्न उरतोच. एक गाठोडे घेऊन येणाऱ्याला पूर्वी मोकळी वाळू पुरत असे. मोकळ्या जागेचा हा न्याय आराखड्याच्या भाषेत ‘अतिक्रमण’ ठरतो. त्या शब्दाचा प्रतिवाद करण्याचे काम शब्दांच्या अभ्यासकांचे होते. परंतु ज्यांच्या शब्दकोशात बाजार ही शिवीच आहे, त्यांनी तो कोणत्या तोंडाने करावा?

वास्तविक ‘गुजरी’ हा शब्द मराठीला परका नाही. मोल्सवर्थच्या कोशात तो तिसऱ्या प्रहरी वा संध्याकाळी भरणाऱ्या बाजाराच्या अर्थाने आहे. कोल्हापूरची गुजरी तर आजही सोन्याचांदीसाठी प्रसिद्ध आहे. हाट, गुजरी, बाजार हे शब्द जागेचे, वाराचे, माणसांच्या गाठीभेटींचे होते. आपण त्यांतला ‘बाजार’ भांडवलाला बहाल केला आणि उरलेले विस्मरणात टाकले.

हा प्रश्न केवळ गुजरातचा नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या काठांसाठी जो सुमारे 44 किलोमीटरचा प्रकल्प आखला आहे, त्याचा आराखडा साबरमतीचे काम करणाऱ्याच वास्तुरचना संस्थेचा आहे. मुठेपासून जवळच जुना बाजार भरतो. जुनी नाणी आणि लोखंडी अवजारे मांडून बसणारी माणसे तेथे आहेत. त्यांच्यावर उद्या काय वेळ येईल याचे भाकीत आम्ही करीत नाही. मात्र ‘सुशोभीकरण’ हा शब्द ऐकताच तो कुणाच्या नजरेतले सौंदर्य सांगतो, हे विचारणे सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

भांडवलाच्या सत्तेला विरोध करायचा असेल, तर तिला तिच्या नावाने हाक मारावी. बाजार हे तिचे नाव नव्हे. तो आठवड्यातून एकदा भरतो आणि संध्याकाळी आपला आपण उठतो. त्याला उठवू पाहणाऱ्यांच्या हाती निदान आपले विशेषण तरी देऊ नये.