थोडक्यात सांगा

मी फार शांत माणूस आहे, असं मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत वाटत होतं. बँकेत शाखाधिकारी होतो. आवाज चढवला नाही, कुणाला अपशब्द बोललो नाही. रोज रात्री पाच मिनिटं आत्मपरीक्षण करायचीही सवय होती, आणि त्या परीक्षेत मी नियमाने पास होत असे!

एका दुपारी एक वृद्ध बाई पासबुक घेऊन केबिनमध्ये आल्या. ‘साहेब, माझा पुतण्या आहे ना, तो मागच्या दिवाळीला...’ एवढंच त्या बोलल्या. मी घड्याळाकडे पाहत, अगदी हसतमुखाने म्हणालो, ‘आजी, थोडक्यात सांगा.’ त्या गडबडल्या. ‘काही नाही, येते नंतर,’ म्हणून निघून गेल्या. तीन महिन्यांनी कळलं, पुतण्या त्यांच्या सह्या कोऱ्या स्लिपांवर घेऊन पैसे काढत होता. तेच सांगायला त्या आल्या होत्या. तोवर खात्यात फारसं काही उरलं नव्हतं.

मी हळहळलो, पण स्वतःला दोष दिला नाही. सह्या खऱ्या होत्या, नियम माझ्या बाजूने होते. दोष दाखवला तो आमच्या शिपायाने. टेबलावर चहा ठेवता ठेवता तो म्हणाला, ‘साहेब, तुमचं ते “थोडक्यात सांगा” ऐकलं की लोक सांगायचंच सोडून देतात. आम्हीसुद्धा.’

त्या ‘आम्हीसुद्धा’ने माझी झोप उडवली.

हल्ली व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत डोळे मिटून आत डोकावायला सांगतात. माझा अनुभव असा की, आत डोकावलं तर तिथे आपलाच वकील बसलेला असतो. आपला हेतू आपल्याला ठाऊक असतो, म्हणून आपण हेतूवर निकाल देतो. समोरच्याच्या वाट्याला मात्र फक्त आपलं वागणं येतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली माणसाच्या स्वभावाची चार खणांची खिडकी मांडली. दोघांच्या पहिल्या नावांवरून तिला ‘जोहारी’ म्हणतात. तिच्यातला एक खण असा, की जो जगाला दिसतो, फक्त आपल्याला दिसत नाही. माझा शिपाई नेमका त्या खणापाशी उभा होता.

बेंजामिन फ्रँकलिनचंही असंच झालं. तरुणपणी त्याने बारा सद्गुणांची यादी केली. वहीत प्रत्येक गुणाला एक पान, आठवड्याच्या वारांचे सात रकाने, चूक झाली की काळा ठिपका. सगळं शिस्तीत. पण एका क्वेकर मित्राने त्याला सुनावलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात, वाद घालताना तू समोरच्याला तुडवतोस. वर उदाहरणंही दिली. तेव्हा कुठे ‘नम्रता’ हा तेरावा गुण यादीत आला! मग त्याने ‘नक्कीच’, ‘निःसंशय’ असे शब्द वापरायचेच सोडले आणि ‘मला असं वाटतं’ म्हणायला लागला. आपला शब्द पुढे लोकसभांमधून मानला गेला त्याचं बरंचसं श्रेय त्याने या सवयीला दिलं आहे. १७८४ साली हे लिहिताना म्हातारा कबूल करतो, की गर्व पुरता गेला असं वाटलं तरी बहुधा नम्रतेचाच गर्व वाटेल. हे वाचून मला तो फार जवळचा वाटला.

मीही खिशात छोटी डायरी ठेवली. कुणाचं बोलणं तोडलं की एक रेघ. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंतच अकरा रेघा झाल्या. सौ.ला दाखवल्या तर ती म्हणाली, ‘घरातल्या धरल्यात का?’ धरल्या नव्हत्या.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण थकबाकीदार दुकानदाराला एकदा पुरतं बोलू दिलं, तेव्हा भावांच्या वाटणीत दुकान अडकल्याचं कळलं आणि हप्ते नव्याने बांधून देता आले. वर्षभर नोटिसा पाठवून जे कळलं नव्हतं ते वीस मिनिटांत कळलं.

आता निवृत्त आहे. डायरी चालू आहे. काल नात शाळेतल्या भांडणाची हकिगत सांगत होती. ती मैत्रिणीच्या डब्यापासून सुरू होऊन बसच्या ड्रायव्हरपर्यंत गेली, परत डब्यावर आली. मी गप्प ऐकत होतो. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही घड्याळाकडे का बघताय?’

एक रेघ ओढली.