घरपट्टीचं अपील: वाचलेले पैसे भरतं कोण?



कुक काउंटीत फेरआकारणीची पत्रं आली की आपल्या जेवणावळींत दुसरा विषय नसतो. कुणाच्या वकिलाने किती कमी करून दिलं, वाचलेल्या रकमेतला वाटा तो किती घेतो, शेजाऱ्याला चौरस फुटाला काय दर लागला. मीही यात मागे नाही. मागच्या खेपेला आमच्यासारखीच चार घरं शोधून काढली, त्यांचे आकडे मांडले, अर्ज केला आणि आमच्या घराचं मूल्य कमी झालं. आठवडाभर स्वतःवर फार खूश होते.

मग प्रश्न पडला, हे पैसे आले कुठून? सरकारने सोडून दिले अशी आपली समजूत असते. तसं नाही. इलिनॉयमध्ये शाळा, वाचनालय, उद्यानं चालवणाऱ्या संस्था आपल्याला किती रक्कम हवी ते आधी ठरवतात. घराचं मूल्य त्यातला फक्त आपला वाटा ठरवतं. समजा, एका गावात सारखीच १०० घरं आहेत आणि १० लाख डॉलर गोळा करायचे आहेत, म्हणजे घरटी १०,०००. दहा जणांनी अपील करून मूल्य २० टक्क्यांनी उतरवून घेतलं, तर ते भरतील सुमारे ८,१६३ आणि बाकीचे नव्वद १०,२०४. गावाला एक डॉलरही कमी मिळालेला नाही.

ज्यांचं मूल्य खरोखरच जास्त लावलं होतं त्यांनी अपील करणं न्यायाचंच आहे. पण करतं कोण? २०१७ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून' आणि 'प्रोपब्लिका इलिनॉय'ने इथल्या आकारणीची चिरफाड केली. विक्रीच्या किमतीच्या मानाने स्वस्त घरांवर जास्त मूल्य लावलेलं, महागड्या घरांवर कमी, आणि अपिलांनी ही दरी मिटण्याऐवजी वाढलेली. शिकागो विद्यापीठाचे क्रिस्टोफर बेरी यांचे निष्कर्षही तेच होते. आमच्या प्रयोगशाळेत मोजमापात चूक ही गृहीतच असते, तिचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. पण वस्तू जितकी लहान तितकं वजन जास्त दाखवणारा तराजू असेल, तर तो फेकून द्यावा लागतो.

मतदारांनी तेच केलं. २०१८ च्या प्राथमिक निवडणुकीत असेसर जोसेफ बेरिओस यांना फ्रिट्झ केगींनी हरवलं. नंतर व्यापारी इमारतींची मूल्यं वाढली. त्यातल्या अनेकांना पुढच्या पायरीवर, बोर्ड ऑफ रिव्ह्यूमध्ये, सूट मिळाली आणि दोन्ही कार्यालयांत त्यावरून उघड भांडण जुंपलं. या अपिलांचा धंदा किती किफायतशीर होता ते एडवर्ड बर्क यांच्या खटल्यात दिसलं. अनेक दशकं नगरसेवक असलेले हे गृहस्थ २०२३ मध्ये दोषी ठरले. आपल्या पदाचा दाब वापरून स्वतःच्या वकिली कार्यालयाकडे घरपट्टीची कामं ओढायची, हा त्यातला एक आरोप होता.

माझा एक मित्र म्हणतो, "कायद्याने हक्क दिलाय, मग मी का सोडू?" सोडू नकोस. पण मुळात पहिली आकारणीच नीट झाली, तर ज्याला आकडे मांडता येतात तो सुटला आणि ज्याला येत नाहीत तो अडकला, असं होणार नाही. असेसरच्या निवडणुकीत आपल्यातले किती जण मत देतात? मी स्वतः २०१८ च्या आधी कधी त्या रकान्यापर्यंत पोचलेच नव्हते.

दुसरं, आपल्या घराच्या अपिलाला वकील लागत नाही आणि असेसरकडे अर्ज फुकट करता येतो. पत्र आल्यावर मुदत मात्र थोडी असते. हार्वीसारख्या दक्षिणेकडच्या उपनगरांत कराचे दर आपल्यापेक्षा कितीतरी चढे आहेत, आणि कित्येक वृद्धांनी त्यांना मिळू शकणारी ज्येष्ठांची सवलतही मागितलेली नसते. तिथल्या वाचनालयात दोन शनिवार बसून अर्ज भरून द्यायला कोण येतंय? माझा तक्ता तयार आहे. त्या लोकांची अपिलं मंजूर झाली तर काउंटीच्या हिश्श्यापुरतं आपलं बिल चार-दोन डॉलरनी वाढेल. मला चालेल.